वाळू चढणारी चाकं

दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा टायरला लाथ मारतं. टायर नवा असो, जुना असो, भिंतीला टेकवून ठेवलेला असो, एक लाथ बसतेच. त्यातून त्याला काय कळतं हे इतकी वर्षं कुडाळात टायरचं दुकान चालवूनही मला समजलेलं नाही. मास्तर मारतात, डॉक्टर मारतात. एकदा तर एका लग्नाच्या गाडीतून उतरलेल्या नवऱ्यामुलानेही मुंडावळ्या सावरत मारली होती. मी काही बोलत नाही. लाथ मारून माणूस मोकळा झाला की मग त्याच्याशी बोलता येतं.

धंद्यातल्या आठवणी लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांना अशाच गमती हव्या असणार. त्या माझ्याकडे पोत्याने आहेत. पण लिहायला बसलो की प्रत्येक वेळी एकच गाडी डोळ्यांसमोर येते, आणि ती गमतीची नाही. त्या गाडीची मी आधी फार फुशारकी मारली होती. त्यामुळे ती सांगायची तर सगळी सांगायला हवी.

रेल्वे आली आणि त्यानंतरच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पिकअप गाड्या दिसायला लागल्या. पुढे दोघातिघांची केबिन, मागे उघडा हौदा. त्याआधी माल ट्रकने नाहीतर टेम्पोने जायचा. पिकअप आली आणि ज्याच्या अंगात धमक होती त्याने कर्ज काढून एक घेतली. कंपनीकडून येताना तिला जे टायर असत ते डांबरी रस्त्यासाठी ठीक होते. पण आमच्याकडे डांबरी रस्ता संपल्यावरच खरं काम सुरू होतं. कुणाला जांभ्या दगडाच्या सड्यावर आंब्याच्या बागेत जायचं असतं, कुणाला खाणीकडे, कुणाला किनाऱ्यावर. मग लोक विचारायला लागले, दिगू, मोठे टायर बसतील काय?

बसतात. पण टायर मोठा करणं म्हणजे पायात मोठी चप्पल घालणं नव्हे. टायर रुंद झाला की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो आत स्प्रिंगच्या पाट्यांना नाहीतर बाहेर मडगार्डला घासतो. घासू नये म्हणून रिम बाहेर काढावी तर सगळा भार चाकाच्या बेअरिंगवर येतो आणि ते लवकर जातं. टायर उंच झाला की काटा वेग कमी दाखवतो, म्हणजे गाडी प्रत्यक्षात जास्त पळत असते आणि ड्रायव्हर बिनधास्त असतो. चढावर इंजिन धापा टाकतं, ब्रेक उशिरा लागतो, डिझेल जास्त जातं. शिवाय टायरच्या अंगावर किती भार पेलेल त्याचा आकडा असतो. दिसायला दांडगा टायर भाराला कच्चा असू शकतो. आणि खडबडीत नक्षीचा टायर, ज्याला ऑल टेरेन म्हणतात, तो माती धरतो पण डांबरावर गुणगुणतो. हे सगळं मापात बसवून गाडीला चाक देणं ही आमची विद्या. ती मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. गाड्यांखाली झोपून शिकलो.

देवगडचे एक बागायतदार माझ्याकडे यायचे. त्यांची कलमं भर सड्यावर. तिथले दगड टायरचा गाल, म्हणजे त्याची बाजू, सुरीसारखे कापतात. त्यांना मी जाड गालाचे, खोल नक्षीचे टायर दिले आणि हवा किती ठेवायची ते चार वेळा पाठ करून घेतलं. पुढच्या हंगामात ते हापूसची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, आंबा मुंबईला पोचेपर्यंत कुठे दबला नाही. रेडीच्या बाजूचा एक तरुण मात्र वेगळा. घरात खनिजाच्या ट्रकांचा पैसा नुकता आलेला. त्याला चाकं गाडीच्या बाहेर दिसायला हवी होती, खेकड्याच्या नांग्यांसारखी. मी बेअरिंगचं सांगितलं, घासण्याचं सांगितलं. त्याने दुसरीकडून बसवून घेतली. महिन्याभरात मडगार्ड फाटून तो माझ्याच दारात उभा. मी हसलो नाही, पण दुकानातल्या बाकीच्यांना हसू दिलं.

असा मी मोठ्या टायरांचा दिगू झालो. कणकवलीहून, सावंतवाडीहून गाड्या यायला लागल्या. हे सगळं आमच्या आयेच्या कानावर जात होतं.

आमचं घर मालवणच्या किनाऱ्यावर. बाबा रापणीला जायचे. ते गेले तेव्हा मी लहान होतो. आये मासे विकायची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना माणसं लावून. ते ओढून काठाशी आलं की बायका तिथेच लिलावात मासे घेतात, पाटीत भरतात आणि डोक्यावर पाटी घेऊन वाळू तुडवत रस्त्यापर्यंत येतात. ओल्या वाळूत पाय चालतो. कोरड्या वाळूत प्रत्येक पाऊल मागे घसरतं. वर पाटीतलं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरत असतं. रस्त्यावर आलं की जी गाडी मिळेल तिने बाजार गाठायचा. आये कुडाळच्या बाजारात बसायची. म्हणजे रोज माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर.

ती दुकानात मात्र येत नसे. मला मासे द्यायचे असले तर रस्त्याच्या पलीकडे उभी राहून कुणाकडून तरी पिशवी पाठवायची. साडीला वास असतो, तुझी बडी गिऱ्हाईकं असतात, असं म्हणायची. मी तिला येऊ नको असं कधी म्हटलं नाही. ये, असंही कधी म्हटलं नाही.

एक दिवस ती पहिल्यांदा दुकानाच्या पायरीपर्यंत आली. बरोबर बाबल होता, आमच्याच वाडीतला. त्याने नवी पिकअप घेतली होती. पहाटे किनाऱ्यावरून मासे आणि बायका दोन्ही भरून तो कुडाळला आणायचा. बायका हौद्यात आपापल्या पाटीशेजारी बसत. कायद्याने ते बरोबर नव्हतं, पण त्या वेळेला दुसरं काही नव्हतंही. बाबलची अडचण अशी की गाडी रस्त्यावरच उभी करावी लागे. वाळूत घातली की रुते. दोनदा रापणीच्या माणसांनी ढकलून काढली होती.

आये बाकावर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "झिला, ह्याच्या गाडयेक वाळूत चलतीत अशी चाकां घाल. गाडी पाण्याशी इली तर आमच्या मानेक जरा आराम."

सगळ्या म्हाताऱ्यांतर्फे ती बोलायला आली होती. तिने माझ्याकडे मागितलेलं माझ्या आठवणीतलं हे एकच काम.

मी ते जीव ओतून केलं. आधी किनाऱ्यावर जाऊन वाळू बघितली, उतार बघितला. मग गाडी जॅकवर घेऊन स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवत मडगार्डची मापं घेतली. मूळ टायरपेक्षा बराच रुंद आणि उंच टायर निवडला, कारण वाळूत जितका पसरट पाय तितकं रुतणं कमी. कोल्हापूरहून रुंद रिम मागवल्या आणि त्या फार बाहेर येणार नाहीत अशाच घेतल्या. भाराचा आकडा मूळच्यापेक्षा वरचा. टायर मडगार्डला घासू नये म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी थोडी उचलली. आता धंद्यातली एक साधी गोष्ट सांगतो. टायर जितका मोठा करावा त्याच्या निम्मीच गाडी वर जाते, कारण उरलेला निम्मा एक्सलच्या वरच्या बाजूला वाढतो. त्यामुळे टायरने गाडी जेमतेम दोन बोटं चढली. ठोकळ्यांनी आणखी चार. बघणाऱ्याला गाडी ऐटबाज दिसायची, इतकंच.

एक गोष्ट राहिली होती. गाडीच्या मागे, हौद्याच्या उघडणाऱ्या फाळक्याखाली, एक आडवा लोखंडी पाइप असतो. किनाऱ्याचा चढ चढताना तो वाळूत खुपसला जाईल असं माझ्या लक्षात आलं. नांगरासारखा. मी बाबलला सांगितलं, हा काप. त्याने शेजारच्या वेल्डरकडे नेऊन कापला. माझ्या हुशारीवर मी खूश झालो, कारण एवढं बारीक कुणी बघितलं नसतं.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम किनाऱ्यावर गेलो. टायरांतली हवा कमी केली आणि बाबलला म्हटलं, जा. गाडी कोरड्या वाळूवरून अशी गेली जशी होडी जावी. थेट पाण्याच्या रेषेपर्यंत. रापणीची माणसं दोर सोडून बघत राहिली. कुणीतरी नारळ फोडला. आयेने घरून खाजं आणलं होतं, ते ती वाटत फिरत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, माझ्या झिलान घातल्यान चाकां. मी रुमालाने हात पुसत उभा होतो. हात स्वच्छ होते.

मला दुकान उघडायचं होतं. पाट्या भरायच्या आधीच मी मोटरसायकलला किक मारली. बायका गाडीत कशा चढल्या ते बघायला मी थांबलो नाही.

त्यानंतरचे दोनतीन महिने माझे फार सुखाचे गेले. त्या गाडीमुळे देवबागेपासून वेंगुर्ल्यापर्यंत माझं नाव झालं. गिऱ्हाईकाला मी सांगायचो, कोरड्या वाळूतून पाण्यापर्यंत जाणारी पिकअप बघायचीय? मग बाबलची गाडी दाखवायचो. दुकानामुळे मी आणि बायको कुडाळातच राहायचो; वाडीवरच्या घरी गेलो की आये भेटायची. एकदा बायकोने सांगितलं की आई हल्ली बाजारात उशिरा दिसतात. मी आयेला विचारलं. ती म्हणाली, गाडीत हाडं खिळखिळी होतात, यष्टीच बरी वाटते. खडबडीत टायर थोडे धक्के देतातच. मला ते पटलं. उलट मी तिला हवेच्या दाबाविषयी समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

एका सकाळी शेवंता दुकानात आली. ही आमच्या वाडीतली तरणी सून, आयेच्या शेजारीच बाजारात बसणारी. तिच्या डोक्यावर एक पाटी होती आणि काखेत दुसरी. दुकानात एक कंत्राटदार बसला होता, त्याने नाकाला रुमाल लावला. शेवंताने काखेतली पाटी माझ्या काउंटरपाशी टेकली.

"भाऊ, ही तुमच्या आयेची. माका आज सावंतवाडीक जावचा हा, थंय बाजारात ठेवूक कोण नाय. यष्टी इली काय ती घेयत हयसून."

मी म्हटलं, ती एकटी यष्टीने, आणि पाटी गाडीने, असं का?

शेवंता माझ्याकडे बघत राहिली. मला खरंच माहीत नाही यावर तिचा विश्वास बसायला थोडा वेळ लागला. मग तिने सांगितलं. आयेला गाडीत चढता येत नव्हतं. आयेलाच नाही, म्हाताऱ्या कुणालाच. पूर्वी मागच्या पाइपवर पाय द्यायचा, साखळी धरायची की हौद्यात. आता पाइप नाही आणि हौदा छातीशी. तरण्या बायका हातावर जोर देऊन चढायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी म्हाताऱ्यांना काखेत हात घालून वर ओढलं. एकदा आयेला ओढताना तिची साडी फाळक्याच्या कडीत अडकून गुडघ्यापर्यंत फाटली. रापणीवरचे सगळे बघत होते. त्या दिवसापासून आयेने पाटी गाडीत द्यायची आणि स्वतः चालत रस्त्याला येऊन यष्टीची वाट बघायची. बाकीच्या दोघीतिघींनी तेच केलं. यष्टी बाजारात पोचेपर्यंत चढा भाव देणारं गिऱ्हाईक निघून गेलेलं असे. उरलेल्या माशांना बर्फ लावून त्या दुपारपर्यंत बसत.

"तुमका सांगू नको म्हणान सांगल्यान तिना," शेवंता म्हणाली. "दिगूचा नाव झाला हा, तेका उगीच वायट वाटात."

कंत्राटदाराने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. मला त्याच्याकडे बघवेना. मी गाडीखालून शेकडो मापं घेतली होती. फाळका जमिनीपासून किती उंच, हे मोजलं नव्हतं. आणि तो पाइप मी नांगर म्हणून बघितला. त्यावर पाय ठेवून माझी आई रोज चढते, हे मला दिसलं नाही. लहानपणी मी तिच्या मागोमाग अशाच कुठल्यातरी टेम्पोत चढलो होतो, तोही पाइपवर पाय देऊनच.

आये दुपारी आली. रस्त्याच्या पलीकडेच उभी राहिली. मी पाटी उचलून तिच्याकडे नेली. मासे मऊ पडायला लागले होते.  पाटी कमरेवर घेऊन ती बाजाराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी किनाऱ्यावर पोचलो. रापण ओढून झाली होती. बाबलची गाडी पाण्याशी उभी, टायर अर्धे ओले, खरोखर देखणी. म्हाताऱ्या पाट्या देऊन एका बाजूला उभ्या होत्या. मी बाबलला म्हटलं, तुला दिसत नव्हतं? मला का नाही सांगितलंस?

बाबल वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "दिगू, पाइप तूच कापूक सांगलंस मरे. माका वाटला, तुका म्हायत आसतला."

तो सगळ्यांसमोर बोलला, आणि सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. रापणीवरचा एकही माणूस हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आये तेवढ्यात पुढे आली. शेवंताने सांगितलं हे तिला कळलं होतं. ती माझ्यावर नाही, शेवंतावर चिडली होती.

"कोण म्हणता माका चढूक येणा नाय? चढतंय मी. बघ."

मी नको म्हणालो. ती ऐकेना. तिने साडीचा काष्टा घट्ट केला, साखळी धरली आणि एक पाय उचलला. पाय टायरवर ठेवायला गेली. ओल्या रबरावरून तो सटकला. दुसऱ्यांदा तिने दोन्ही हातांनी फाळक्याची कड धरली आणि स्वतःला ओढायला लागली. तिच्या दंडाच्या शिरा वर आल्या. पोट कडेला दाबलं गेलं, पाय हवेत. क्षणभर वाटलं चढेल. मग हात सुटले आणि ती वाळूत बसली. लागलं नाही. पण तिला लगेच उठता आलं नाही. ती बसल्या बसल्या हसली आणि म्हणाली, आज पाय ओले आहेत म्हणून.

लाजेने मेलो, असं लोक म्हणतात. मला तर तसं मरणही नीट येत नव्हतं. तिच्या तोंडावर हसू होतं आणि ते माझ्यासाठी होतं. माझ्या टायरांना कुणी नाव ठेवू नये म्हणून ही बाई सगळ्या किनाऱ्यासमोर पडली होती.

मी तिच्यापाशी गेलो आणि गाडीमागे एक गुडघा टेकून बसलो. दुसरा गुडघा पुढे केला आणि म्हटलं, आये, यावर पाय दे.

तिने माझ्या पॅन्टकडे बघितलं. दुकानात जायची म्हणून इस्त्रीची होती. "पॅन्ट घाण होतली रे."

"होऊ दे."

तिने पाय दिला. ओला, वाळूने भरलेला, टाचेला खोल भेगा. तो पाय मी किती वर्षांनी हातात धरला होता. वर जाताना तिने माझ्या डोक्याचा आधार घेतला. मग मागे उभ्या असलेल्यांपैकी एक म्हणाली, "दिगू, आता आमकाय घे." त्याही एकेक करून माझ्या गुडघ्यावरून वर गेल्या. जणू हे रोजचंच. शेवटची चढेपर्यंत माझी मांडी थरथरत होती. फाळका लावताना मी वर बघितलं नाही.

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. बाबलशी बोललो. त्याला मोठे टायर सोडवत नव्हते आणि त्यात त्याचं चुकत नव्हतं. त्या टायरांमुळे त्याची गाडी जिल्ह्यात ओळखीची झाली होती. मी त्याला सांगितलं की पाइप तेवढा परत जोडू. जोडून बघितला. मला आधी वाटलं होतं तसाच तो वाळूत खुपसला आणि वाकला. मग पाइपऐवजी कब्ज्यावरची, म्हणजे बिजागरीची, लोखंडी पायरी केली, जी खाली लागली की वर वळेल. ती बरी होती, पण एवढ्या उंच हौद्याला एक पायरी पुरेना आणि दोन लावाव्यात तर खालची जमिनीला लागून सारखी वर वळे. शेवटी ठोकळे काढण्यावाचून इलाज नव्हता, आणि ठोकळे काढले की ते टायर मडगार्डला घासणार. म्हणजे टायर जाणारच. हे बाबलला मी नाही, त्याच्या स्वतःच्या म्हाताऱ्या मावशीने समजावलं. तीही त्या यष्टीवाल्यांत होती.

मी मूळ उंचीचे, किंचित रुंद आणि खडबडीत नक्षीचे टायर घातले. खरं तर मी पहिल्या दिवशी हेच घालायला हवे होते. वाळूला उंची लागत नाही. लागते रुंदी आणि कमी हवा. उंची मी माझ्यासाठी घातली होती, त्या देवगडवाल्यांनी आणि रेडीवाल्यांनी बघावं म्हणून. कब्ज्यावरची पायरी गाडीला कायम राहिली. पुढे ती मी पुष्कळ गाड्यांना बसवली. पण तिची जाहिरात केली नाही.

या सगळ्यात गोड शेवट नाही. नव्या टायरांची रुंदी कमी, त्यामुळे गाडी पाण्यापर्यंत जात नव्हती. अर्ध्या वाळूत थांबायची. म्हणजे बायकांना पुन्हा अर्धी वाळू डोक्यावर पाटी घेऊन तुडवावी लागली. आयेने मागितलं होतं ते मी शेवटी पूर्ण दिलं नाही, आणि दिलं होतं तेव्हा तिलाच गाडीतून खाली उतरवलं.

बदललेल्या टायरांची पहिली फेरी बघायला मी गेलो आणि या वेळी थांबलो. काढलेले मोठे टायर बाबलच्या हौद्यातच पडून होते. गोव्याच्या बाजूचं कुणी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. आये पायरीवर पाय ठेवून वर गेली, सहज. आणि जागा नव्हती म्हणून त्यातल्याच एका टायरवर बसली.

रापणीवरच्या एका म्हाताऱ्याने खालून विचारलं, "काय गो, गाडी बुटकी झाली ती?"

आयेने पदर डोक्यावर ओढला.

"टायरां झिजली," ती म्हणाली. "म्हणान झिलान बदलल्यान."

ती बसली होती त्या टायरची नक्षी बोटभर खोल होती. कडेला कारखान्यातून येतात ते रबराचे बारीक केससुद्धा अजून होते. हौद्यातल्या सगळ्या बायकांना ते दिसत होतं, आणि त्या म्हाताऱ्यालाही. म्हातारा मान डोलावून रापणीकडे वळला.  फाळक्याची कडी आधीच लागलेली होती. ती मी पुन्हा एकदा लावली आणि बाबलला म्हटलं, जा.